सुईचे खाते



दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पेटी खाली उतरते, तिच्यातून जाड पुठ्ठ्याच्या वेष्टणांतल्या तबकड्या निघतात आणि मग या सदराकडे पत्रे येऊ लागतात. आजोबांनी जमवलेली नाट्यपदे, गीतरामायणाच्या एल.पी., स्तवनांच्या लहान ईपी, एखाद्या घरी तर लाखेच्या काळ्याभोर जड तबकड्यांचा अख्खा गठ्ठा. बहुतेक पत्रांचा सूर एकच असतो : वाजवण्याचे यंत्र घेतले, किंवा घ्यायचे ठरवले आहे; परंतु त्याच्या पुढच्या टोकाला जी सुई बसते, तिच्याविषयी दुकानदार एकदा शेकड्यांत बोलतो आणि एकदा लाखांत. खरे किती द्यावे?

हा प्रश्न छंदाचा वाटतो. मला तो भांडवलाच्या रक्षणाचा वाटतो. टर्नटेबल बिघडले तर दुसरे घेता येते, स्पीकर फाटला तर बदलता येतो. तबकडीवरची खाच एकदा झिजली की ती कोणत्याही किमतीला पूर्ववत होत नाही. त्या खाचेला प्रत्यक्ष स्पर्श करणारी संपूर्ण यंत्रातली वस्तू एकच, सुईचे टोक. तेव्हा काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, याचा निर्णय येथूनच सुरू होतो.

माझा स्वतःचा तोटा आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आईसाठी मी पेटीवजा, झाकणाचे, दिसायला मोठे गोजिरे असे रेकॉर्ड-प्लेअर घेतले. स्पीकर आतच, तारांची कटकट नाही, किंमत बेताची. दशलक्षण पर्वाचे दिवस होते. आईची फार जुनी, तिच्या माहेरून आलेली स्तवनांची ईपी रोज सकाळी त्यावर लागू लागली. आठव्या की नवव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, बाईचा आवाज घोगरा झालाय का रे?" मी तबकडी पुसली, पुन्हा लावली. प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फुसफुसत होता, जणू गाणारीच्या ओठांपाशी कोणी कागद धरला आहे. पुढे एका मित्राच्या प्रयोगशाळेत सुई सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा टोकाची एक बाजू तुटलेली आढळली. कधी तुटली, कशाने तुटली, हे कळायला मार्ग नव्हता. नव्या वस्तूची तपासणी मी केली नव्हती, एवढे मात्र खरे. आता उत्तम सुई लावली तरी त्या तबकडीवरचे पहिले स्तवन तसेच फुसफुसते. दुसरी बाजू वाचली, कारण आईला पहिलीच अधिक आवडे.

आता वस्तूची ओळख करून घेऊ. आपण ज्याला सरसकट ‘सुई’ किंवा ‘पिन’ म्हणतो, ती प्रत्यक्षात तीन भागांची असते. टोकाला हिऱ्याचा कण. तो ज्या बारीक नळीवर किंवा दांडीवर बसवलेला असतो ती दांडी. आणि या दोहोंना धरून ठेवणारी, आत चुंबक व तारेची वेटोळी असलेली इवली पेटी, म्हणजे कार्ट्रिज. खाचेच्या दोन भिंतींवर सूक्ष्म चढउतार कोरलेले असतात. टोक त्यांवरून घसरताना थरथरते, दांडी ती थरथर मागे नेते, तिच्या मागच्या अंगाला असलेला चुंबक वेटोळ्यांसमोर हलतो आणि वेटोळ्यांत वीज उपजते. ही वीज फारच थोडी असते, साधारण तीन ते पाच मिलिव्होल्ट. म्हणून तिला आधी ‘फोनो’ असे लिहिलेल्या खास जागेतून न्यावे लागते. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तार स्वर उठवलेले असतात. ही फोनोची सोय आवाज वाढवते आणि तो तोलही पूर्ववत करते. नवी कार्ट्रिज लावून तार सरळ ‘ऑक्स’ला जोडणारे आणि मग ‘आवाज किडकिडा आहे’ म्हणून दुकानदाराशी भांडणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. काही टर्नटेबलांत ही सोय आतच असते, काहींना वेगळी छोटी पेटी घ्यावी लागते. कार्ट्रिजचे पैसे ठरवताना हा खर्च आधी विचारून घ्यावा.

कार्ट्रिजचे तीन कुळांत विभाजन होते. जुन्या एचएमव्ही फिएस्टासारख्या घरगुती यंत्रांत क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे. तिच्यात चुंबक नसतो. दाबामुळे वीज निर्माण करणारा स्फटिक असतो. तिची वीज भरपूर, म्हणून यंत्र स्वस्तात होते. परंतु ती दांडी ताठ असते आणि तिला खाचेवर पाच-सहा ग्रॅमांचा भार द्यावा लागतो. आजच्या बहुतेक पेटीवजा प्लेअरांत तीच असते, पुष्कळदा नीलमण्याच्या सुईसह. नीलमणी चाळीस-पन्नास तासांतच झिजू लागतो. ज्यांच्या घरी जुनी एकमेव तबकडी आहे, त्यांनी अशा यंत्राच्या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फिएस्टा आठवण म्हणून दिवाणखान्यात जरूर ठेवावा.

दुसरे टोक म्हणजे मूव्हिंग कॉइल. हिच्यात चुंबक स्थिर आणि वेटोळी हलती. तज्ज्ञ तिचे फार गोडवे गातात आणि ते खोटे नाहीत. परंतु वीज दशांशाइतकी, म्हणजे वर्धक अधिक महाग. आणि सुई झिजली की घरच्या घरी बदलता येत नाही, संपूर्ण कार्ट्रिज दुरुस्तीला किंवा अदलाबदलीला द्यावी लागते. साध्या टर्नटेबलावर ती लावणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. राहिली मधली, मूव्हिंग मॅग्नेट. हिची सुई बोटांनी ओढून काढता येते आणि नवी सरकवून बसवता येते. मूळ पेटी एकदाच घ्यायची, पुढे फक्त सुईचा खर्च. मध्यम खर्चात चालणाऱ्या घराने हिच्यापलीकडे पाहण्याचे कारण नाही.

आता हिऱ्याकडे वळतो. आपल्या वाचकांत हिऱ्याच्या व्यापारातली घराणी आहेत. त्यांना हा भाग माझ्याहून चांगला कळेल. स्वस्त सुईत हिरा पूर्ण नसतो. धातूच्या बारीक काडीवर हिऱ्याचा कण चिकटवलेला असतो; त्याला ‘बाँडेड’ म्हणतात. महाग सुईत संपूर्ण काडीच हिऱ्याची असते आणि तिला ‘न्यूड’ म्हणतात. दुसरीचे वजन कमी, म्हणून ती खाचेतल्या वेगवान वळणांशी अधिक चपळपणे जुळवून घेते. एरवी हिऱ्याची किंमत वजन, रंग, स्वच्छता यांवर ठरते. येथे मात्र किंमत जवळजवळ पूर्णपणे घडणीची असते.

घडण म्हणजे टोकाचा आकार. सर्वांत साधा गोल, म्हणजे कोनिकल. त्याची त्रिज्या सुमारे १५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, त्यावरून कल्पना यावी. दुसरा लंबगोल, म्हणजे इलिप्टिकल. त्याच्या दोन त्रिज्या सुमारे ८ आणि १८ मायक्रॉन. त्यापुढे शिबाता, मायक्रोलाइन असे प्रकार येतात. ते खाचेच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत एका बारीक रेषेत स्पर्श करतात.

हा फरक ऐकू कुठे येतो? तबकडीच्या शेवटी. एल.पी. मिनिटाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, बाहेरच्या कडेलाही आणि आतल्या कडेलाही. परंतु बाहेरचा फेरा लांब, आतला आखूड. बाहेर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. आत कागदी लेबलाजवळ ती २१ वर येते. म्हणजे तितकेच संगीत अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेले असते. गोल टोक त्या दाटीत शिरत नाही, वरवरून घसरते आणि आवाज चिरकतो. चित्रपटगीतांच्या तबकडीवर फार तर शेवटचे एक गाणे बिघडते. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत योग मोठा प्रतिकूल आहे. विलंबित ख्याल शांतपणे बाहेरच्या प्रशस्त खाचांत सुरू होतो आणि द्रुत लयीतल्या ताना, तबल्याचा सगळा जोर, नेमका आतल्या अरुंद खाचांत येतो. ज्यांच्या पेटीत ख्यालाच्या एल.पी. अधिक आहेत, त्यांनी निदान लंबगोलाखाली उतरू नये.

आता व्यापाऱ्याच्या पद्धतीने हिशेब मांडू. एल.पी.च्या एका बाजूवर खाच किती लांब असते? बावीस मिनिटांत सातशे तेहेतीस फेरे, सरासरी फेरा पासष्ट सेंटिमीटर. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. जपानच्या ऑडिओ-टेक्निका या कंपनीच्या मते लंबगोल सुईचे आयुष्य सुमारे ३०० तास, गोल सुईचे ५००, शिबाताचे ८०० आणि मायक्रोलाइनचे १०००. तीनशे तासांत सुई खाचेतून सुमारे ३९० किलोमीटर जाते, म्हणजे मुंबईहून निघून जवळपास सांगली गाठते. एका कणाने, एकाही वंगणाशिवाय, दोन ग्रॅमांच्या भाराखाली केलेला हा प्रवास आहे. ती झिजते याचे आश्चर्य नाही. इतकी टिकते याचे आहे.

आकडे सोपे व्हावेत म्हणून लंबगोल सुईची किंमत १०० धरू. त्याच कुळातल्या मायक्रोलाइनची किंमत बाजारात साधारण तिप्पट असते. ती ३०० धरू. शंभरात ३०० तास, म्हणजे तासाला तेहेतीस पैसे. तीनशेत १००० तास, म्हणजे तासाला तीस पैसे. दर तासाला महाग वस्तू किंचित स्वस्त पडते! दुकानदार येथेच थांबतो आणि गिऱ्हाईकही बहुधा येथेच थांबते. परंतु पेढीवर बसलेल्या माणसाने पुढचे दोन प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला, माल उठायला वेळ किती लागेल? रविवारी दोन एल.पी. ऐकणारे घर वर्षाला सुमारे सत्तर तास ऐकते. त्याचे हजार तास भरायला चौदा वर्षे लागतील. दांडीला आतून धरणारे रबर मात्र तबकडी वाजो न वाजो, वयाने कडक होत जाते. तेव्हा त्यातले कित्येक तास कागदावरच राहणार. याच कारणाने ‘जुना, पण न उघडलेला माल’ म्हणून मिळणाऱ्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सुया मी घेत नाही. हिरा कोरा असतो, रबर म्हातारे झालेले असते. दुसरा प्रश्न जोखमीचा. दांडी केसासारखी नाजूक. पुसणाऱ्याच्या फडक्याचा एक धागा अडकला, नातवाने एकदा बोट लावले, की ती मुडपते. शंभराची वस्तू मुडपली तर शंभर गेले, तीनशेची मुडपली तर तीनशे. लहान मुले असलेल्या घरात मी अजूनही शंभराचीच वस्तू सुचवतो. रोज तास-दीड तास ऐकणारे, निवृत्त, एकांतप्रिय असे जे कोणी असतील, त्यांनी तीनशेचा विचार जरूर करावा; त्यांचे हजार तास दोन-तीन वर्षांत वसूल होतात.

प्रत्यक्ष नावे घ्यायची तर मध्यम बाजारात माझ्या मते दोनच घरांचा विचार प्रथम करावा. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ ही मालिका २०१८ साली आली. जुन्या एटी-९५ई ची ती वारस. तिची खुबी अशी की पेटी एकच आणि सुया सहा : कोनिकल, इलिप्टिकल, न्यूड इलिप्टिकल, मायक्रोलाइन, शिबाता आणि लाखेच्या तबकड्यांसाठी वेगळी जाड सुई. कोणतीही कोणत्याही पेटीत बसते. आज इलिप्टिकल, म्हणजे व्हीएम-९५ई घ्यावी. पुढे हात मोकळा झाला तर फक्त सुई बदलावी. भार दोन ग्रॅम. दुसरे घर ऑर्टोफॉन, डेन्मार्कचे, १९१८ साली स्थापन झालेले. त्यांची टू-एम रेड ही लंबगोल टोकाची. भार एक पूर्णांक आठ ग्रॅम, वीज साडेपाच मिलिव्होल्ट, म्हणून आवाज थोडा उठावदार. हिच्याच पेटीत वरच्या दर्जाच्या टू-एम ब्लूची सुई बसते. किमतीला ती व्हीएम-९५ई हून चढी. दोन्ही मी ऐकल्या आहेत. रेड मला चित्रगीतांत अधिक रंगतदार वाटली. जुन्या, थोड्या झिजलेल्या भारतीय छपाईच्या तबकड्यांवर तिचा चकचकीतपणा मात्र खरखरही पुढे आणतो. आमच्या घरी शेवटी व्हीएम-९५ई राहिली.

जपानच्या नागाओकाची एमपी-११० आणि अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या ग्रॅडोची कार्ट्रिज यांचेही चाहते आहेत. पहिली ऊबदार आवाजाची म्हणून ओळखली जाते आणि मिळाली तर अवश्य ऐकावी. दुसरी काही टर्नटेबलांच्या मोटारीजवळ गुणगुण पकडते, तेव्हा घेण्याआधी आपल्याच यंत्रावर लावून पाहावी. अमेरिकेच्या शुअर कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनवणे थांबवले. घरात जुनी शुअर असेल तर ती टाकू नये. जिको या जपानी कंपनीच्या बदली सुया तिला मिळतात.

हे सगळे वाचून बाजारात धावण्याआधी आपल्या टर्नटेबलाची भुजा एकदा पाहावी. पुढच्या टोकाला दोन स्क्रू आणि मागे चार रंगीत तारा दिसल्या तर कार्ट्रिज बदलता येते. स्क्रूंमधले अंतर जगभर एकच, अर्धा इंच. ऑडिओ-टेक्निकाच्या एल.पी.-६० सारख्या काही प्राथमिक यंत्रांत कार्ट्रिज भुजेतच पक्की असते. तेथे फक्त सुई बदलायची, आणि तेवढे पुरेसे आहे. तिचा भार कारखान्यातच ठरवलेला असतो, हात लावू नये. ज्या भुजेला मागे फिरते वजन नाही, भार कमी-जास्त करण्याची सोय नाही, तिच्यासाठी महाग कार्ट्रिज घेणे व्यर्थ.

लाखेच्या तबकड्यांसाठी थोडी जागा वेगळी हवी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांची खाच एल.पी.च्या मानाने फार रुंद. तिच्यासाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, म्हणजे एल.पी.च्या सुईच्या पाचपट. एल.पी.ची बारीक सुई तिच्यात सोडली तर ती खाचेच्या तळाशी खडखडत जाते, तळातला सगळा कचरा ऐकवते आणि स्वतःही मरते. उलट, ७८ ची सुई एल.पी.वर टेकवली तर एल.पी. गेलीच समजावी. व्हीएम-९५ कुळातली एसपी ही सुई यासाठीच असते. तिचा भार पाच ग्रॅम. सुई बदलली की भारही बदलायचा, हे कागदावर लिहून यंत्राजवळ चिकटवून ठेवावे.

या तबकड्यांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत ‘लक्खवाणिज्ज’, म्हणजे लाखेचा व्यापार, येतो. लाख ही झाडाच्या फांद्यांवर राहणाऱ्या कीटकांपासून मिळते आणि ती काढताना असंख्य जीव जातात, म्हणून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगातल्या तबकड्या याच लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून होत असत, आणि लाखेचा फार मोठा पुरवठा आपल्याच देशातून होई. आमच्या आजोबांनी लाखेला पेढीवर कधी हात लावला नाही. दिवाणखान्यात मात्र लाखेच्या चाळीस तबकड्या होत्या आणि त्यांतल्या काहींवर स्तवने होती! हे त्यांना ठाऊक होते की नाही, हे विचारायचे राहून गेले. १९४८ साली अमेरिकेत एल.पी. आली ती विनाइलची, आणि लाखेचा हा वापर हळूहळू संपला. ज्या तबकड्या घरात आहेत त्या आहेत. त्या जपाव्यात, आणि त्यांवर स्पिरिट किंवा अल्कोहोल कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते. विनाइलसाठी मिळणारी कित्येक सफाई-द्रव्ये अल्कोहोलयुक्त असतात, तेव्हा बाटलीवरचे लेबल वाचावे.

सफाईच्या साधनांतही आपल्या घरांनी जरा चौकशी करावी. तबकडी झाडण्याचे काही कुंचले बकरीच्या केसांचे असतात आणि तबकडीखाली घालण्याच्या काही चकत्या चामड्याच्या. दोन्हींना चांगला पर्याय आहे : कार्बन तंतूंचा कुंचला आणि बुचाची किंवा रबराची चकती. गुणवत्तेत काही उणे पडत नाही. कार्बनचा कुंचला तर धूळ धरून ठेवणारी स्थिर वीजही कमी करतो. सुई झाडायची ती नेहमी मागून पुढे, भुजेच्या दिशेने बाहेर. बाजूने कधीच नाही.

कार्ट्रिज बसवणे हे घरी होण्यासारखे काम आहे. चार तारांचे रंग जगभर ठरलेले : पांढरी डाव्या बाजूची धन, निळी डाव्या बाजूची ऋण, तांबडी उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. चिमट्याने हळूच. मग कागदी मापकावर सुईचे टोक दोन खुणांवर टेकवून पेटी रेषेत सरळ आणायची. याला अर्धा तास लागला तरी द्यावा; वाकडी बसलेली उत्तम सुई सरळ बसलेल्या साध्या सुईपुढे हरते.

भार मोजण्यासाठी छोटा तराजू मिळतो. सराफी असलेल्या घरांना तो घेण्याचीही गरज नाही, पेढीवरचा मिलिग्रॅमचा काटा आहेच. असे मला वाटले होते आणि मी फसलो. काट्याचे पारडे पोलादी होते. कार्ट्रिजमधल्या चुंबकाने ते ओढले आणि दोन ग्रॅमांच्या जागी काटा भलतेच सांगू लागला. पारडे लोखंड-पोलादाचे नको, आणि सुई टेकण्याची जागा तबकडीच्या उंचीवरच हवी. एवढे सांभाळले तर सराफी काट्याइतके अचूक दुसरे काही नाही. भार कमी ठेवला की तबकडी वाचते, हा समज मात्र चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते, आणि प्रत्येक उडी भिंतीवर घाव घालते. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेत, मधल्या किंवा किंचित वरच्या आकड्यावर भार ठेवावा.

हिऱ्याच्या व्यापाऱ्यांना आणखी एक मोह होतो : आपल्या दहापट भिंगाखाली सुई तपासण्याचा. तपासावी, जरूर. टोकावर साचलेला धुळीचा गोळा, वाकलेली दांडी, ढळढळीत तुटलेला कण एवढे त्यात दिसेल. झीज दिसणार नाही. टोकाच्या दोन बाजूंना पडलेल्या चपट्या जागा पाहायला शंभरपट सूक्ष्मदर्शक लागतो. कान तर त्याहून अविश्वासू, कारण बिघाड इतका हळू येतो की रोज ऐकणाऱ्याला तो कळतच नाही. आईला कळला, तो सुई एकदम तुटली म्हणून.

म्हणूनच मी तासांची नोंद ठेवतो. अण्णांच्या हळदीच्या पेढीवरची एक कोरी खतावणी उरली होती. तिच्या पहिल्या पानावर सुईचे खाते उघडले आहे. वर खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, भार दोन ग्रॅम. खाली प्रत्येक एल.पी.च्या बाजूचे वीस मिनिटे, ईपीच्या बाजूचे सरासरी सहा. नातीला हे काम फार आवडते. तबकडी उलटली की ती धावत जाऊन आकडा लिहिते, आणि सुईला हात न लावण्याच्या बदल्यात तिला ही मुनिमकी मिळाली आहे. दोनशे ऐंशी तास भरले की नवी सुई मागवायची, असे त्या पानाच्या तळाशी तांबड्या शाईने लिहून ठेवले आहे. आज सकाळी आईच्या ईपीची दुसरी बाजू लावली, तेव्हा बेरीज एकशे बेचाळीस तासांवर आली.